दायमाबादचा हत्ती नगरला का येऊ नये?

दायमाबादच्या चार ब्राँझशिल्पांचा विषय निघाला की एक उत्तर तयार असतं. ती मुंबई-दिल्लीत आहेत, तेच बरं. तिथे पहारा आहे, वातानुकूलित दालनं आहेत, रसायनतज्ज्ञ आहेत, देशोदेशीचे अभ्यासक येतात. नगर जिल्ह्यात ती ठेवायची कुठे, सांभाळायची कोणी, आणि पाहायला येणार कोण? परिसंवादात हे ऐकू येतं, सरकारी कचेरीत ऐकू येतं, आणि जिल्ह्यातल्याच शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकू येतं. बोलणारे बहुतेक जण जुन्या वस्तूंवर मनापासून प्रेम करणारे असतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांचं म्हणणं मात्र मला मान्य नाही. या उत्तराचा आधार घेऊन पन्नास वर्षं गेली, आणि प्रवराकाठच्या शाळेतली मुलं प्रवराकाठच्या सर्वांत मोलाच्या ठेव्याची ओळख पुस्तकातल्या फोटोवरच भागवत राहिली.

आधी वस्तूंबद्दल. १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याला जमीन खणताना चार धातूच्या वस्तू सापडल्या. बैलजोडी जुंपलेला एक रथ, सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, त्यात हाकणारा माणूस उभा. चार भरीव चाकांच्या पाटावरचा ३१ सेंटिमीटर उंचीचा रेडा. २५ सेंटिमीटर उंचीचा हत्ती, ज्याच्या पाटाखालचे कणे आणि चाकं हरवली आहेत. आणि १९ सेंटिमीटर उंचीचा गेंडा. सगळं भरीव ओतकाम. चौघांचं मिळून वजन ६० किलोंच्या वर. मुलांनी दोरी बांधून ओढावीत अशी ही खेळणी नव्हेत. ती ओतायला लागलेलं तांबं त्या काळी एखाद्या गावाच्या ऐपतीचं माप ठरावं इतकं आहे. भारतात ब्राँझयुगाचं म्हणून जे काही ओतकाम हाती आलं आहे, त्यात वजनाने आणि आकाराने याच्या तोडीचं फार थोडं आहे.

आज ही शिल्पं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात विभागलेली आहेत. म्हणजे चार वस्तूंचा हा संच जमिनीत शतकानुशतकं एकत्र होता आणि आपल्या ताब्यात आल्यावर विखुरला. मोठ्या शहरातच वस्तू नीट राहतात असं सांगणाऱ्यांनी एवढ्या गोष्टीचा तरी विचार करावा.

पण माझा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. मोठ्या संग्रहालयाच्या बाजूने बोलणारे गृहीत धरतात की वस्तू म्हणजे तिचा आकार, तिची कारागिरी आणि तिचं सौंदर्य. काच स्वच्छ असली, दिवा बरोबर कोनातून पडला, की वस्तू पाहून झाली. कलादालनापुरतं हे ठीक आहे. पुरातत्त्वात वस्तूचा निम्मा अर्थ ती कुठे, कशाच्या खाली, कशाच्या शेजारी सापडली यात असतो. दायमाबादच्या बाबतीत तर हा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. ही शिल्पं उत्खननात, थर मोजत, खड्ड्याची नोंद करत निघालेली नाहीत. ती योगायोगाने निघाली. म्हणूनच त्यांच्या काळाबद्दल आजही मतभेद आहेत.

हा वाद इतका महत्त्वाचा आहे की तो थोडा सविस्तर सांगायला हवा. दायमाबादचं टेकाड बी. पी. बोपर्डीकरांनी १९५८ साली उजेडात आणलं. १९५८-५९मध्ये म. न. देशपांडे यांनी, शिल्पं सापडल्यावर १९७४-७५मध्ये एस. आर. राव यांनी आणि पुढे १९७९पर्यंत एस. ए. साळी यांनी, असं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे तीनदा उत्खनन केलं. खालपासून वरपर्यंत पाच वस्त्यांचे थर मिळाले: सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. इसवीसनापूर्वी सुमारे २२००पासून १०००पर्यंत माणसं इथे राहत होती. उत्तर हडप्पा थरात सिंधू चिन्हं असलेल्या मातीच्या मुद्रा आणि चिन्हं कोरलेली खापरं मिळाली. हडप्पा संस्कृतीची पावलं गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत आली होती याचा इतका दक्षिणेकडचा पुरावा क्वचितच सापडतो. म्हणून राव, साळी, म. के. ढवळीकर यांसारख्या अभ्यासकांनी शिल्पं त्या काळाशी जोडली. मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध 'पशुपती' मुद्रेवर हत्ती, गेंडा आणि रेडा तिघेही आहेत, हेही त्यांच्या बाजूचं बळ. दुसऱ्या बाजूला डी. पी. अग्रवाल यांनी धातूचं पृथक्करण पुढे ठेवलं. या शिल्पांत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे. इथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत आर्सेनिकची अशी मिसळ दिसत नाही. तेव्हा शिल्पं ऐतिहासिक काळातली, म्हणजे बरीच अलीकडची, असू शकतात, असं त्यांचं म्हणणं.

काही जण याच वादाचा आधार घेऊन म्हणतात की ज्या वस्तूचा काळच नक्की नाही, तिच्यावर जिल्ह्याने हक्क काय सांगायचा, आणि तिच्याभोवती संग्रहालय काय उभारायचं? मला नेमकं उलट वाटतं. काळ नक्की नाही म्हणूनच ती मूळ जागेजवळ दाखवली पाहिजे. मोठ्या शहराच्या हडप्पा दालनात ती ठेवली की दालनाच्या नावानेच निकाल लागतो. पाहणारा सिंधू संस्कृतीची एक देखणी वस्तू पाहून पुढे सरकतो. तीच शिल्पं सावळद्याच्या, माळव्याच्या, जोर्व्याच्या खापरांशेजारी ठेवा, टेकाडाच्या थरांचा मोठा छेद भिंतीवर काढा, राव-साळी-ढवळीकर काय म्हणाले आणि अग्रवाल काय म्हणाले हे शेजारीशेजारी लिहा. दहावीचा मुलगासुद्धा तिथे उभा राहून विचारेल की मग खरं काय? हा प्रश्न शिल्पाइतकाच मोलाचा आहे. तो विचारायला लावणारं प्रदर्शन उत्तर हातात देणाऱ्या प्रदर्शनाहून कधीही वरचं.

आणि शेजारी ठेवायला इथे काय नाही? दायमाबादच्या वरच्या अंगाला, संगमनेर तालुक्यात, जोर्वे आहे. १९५०-५१मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथे खोदकाम केलं. त्या लहान गावाच्या नावाने आज महाराष्ट्रातली एक अख्खी संस्कृती ओळखली जाते. काळ्या रंगाने चितारलेली, टिचकी मारली तर खणखणणारी, लांब तोटीची ती तांबडी भांडी जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला 'जोर्वे' म्हणूनच माहीत आहेत. खालच्या अंगाला नेवासे. १९५४ ते ५६ सांकळियांनी तिथलं लाडमोड टेकाड खोदलं आणि अश्मयुगीन हत्यारांपासून मध्ययुगीन वस्तीपर्यंतचा पट एकाच गावात मांडून दाखवला. घराच्या जमिनीखाली मातीच्या रांजणांत पुरलेली मुलं तिथे मिळाली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या आत रेशमाचे नि कापसाचे तंतू शिल्लक होते. त्याच नेवाशात सातवाहन काळी रोमन मद्याचे कुंभ येत होते. संगमनेरपासून प्रवरासंगमापर्यंत ही एकाच नदीची कथा आहे, आणि तिची पानं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, मुंबईत आणि दिल्लीत पसरलेली आहेत. सगळी पानं सलग वाचता येतील अशी जागा प्रवराकाठी नसावी याचं मला दुःख आहे, आणि ते मी लपवणार नाही.

ही मागणी भावनिक आहे, शास्त्रीय नाही, असं कोणी म्हणेल. १९१५च्या सुमारास, जॉन मार्शल पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना, सरकारनेच असं धोरण ठरवलं होतं की उत्खननातल्या हलवता येण्याजोग्या वस्तू शक्यतो त्या स्थळाजवळच ठेवाव्यात, म्हणजे मूळ परिसरात त्यांचा अभ्यास होईल. सारनाथचं संग्रहालय त्याच्याही आधी, १९१०मध्ये, उभं राहिलं होतं. आपली राजमुद्रा ज्या सिंहशीर्षावरून घेतली ते मूळ सिंहशीर्ष आजही तिथेच आहे. देशाचं चिन्ह दिल्लीत नसून वाराणसीजवळच्या एका लहान ठिकाणी आहे, आणि त्यामुळे देशाचं काही बिघडलेलं नाही.

आता पहाऱ्याचा मुद्दा. यात तथ्य आहे. मूर्तिचोरी खरी आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या अनेक संग्रहालयांत रात्री कुलपाशिवाय फारसं काही नसतं. पण मोठं शहर म्हणजे आपोआप सुरक्षा, हे सिद्ध झालेलं नाही. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधून २००४मध्ये भरदिवसा बुद्धाचं शिर गेलं. त्याच संग्रहालयात २०१३मध्ये रामपूर्व्याचं मौर्यकालीन सिंहशीर्ष हलवताना भंगलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने २०२३मध्ये कबूल केलं की त्यांच्या भांडारातल्या सुमारे दोन हजार वस्तू गहाळ झाल्या, चोरीला गेल्या किंवा खराब झाल्या. रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाची २०१८मध्ये एका रात्रीत राख झाली. सुरक्षा पैशाने, शिस्तीने आणि जबाबदार माणसांनी येते, शहराच्या आकाराने नव्हे. आणि नगर हे काही पहाऱ्याला अनोळखी शहर नाही. लष्कराच्या आर्मर्ड कोअरचं केंद्र तिथे आहे, १९९४पासूनचं रणगाडा संग्रहालय तिथे आहे. देशोदेशीचे रणगाडे, त्यात पाकिस्तानी पॅटनही आले, नगरला उभे आहेत आणि लोक तिकीट काढून ते पाहतात. पोलादाचे रणगाडे ज्या शहरात सांभाळता येतात, त्या शहरात काचेच्या एका कपाटातला हत्ती सांभाळता येणार नाही, हे मानायला मी तयार नाही.

हवामानाचा मुद्दा तर उलटाच पडतो. जुन्या ब्राँझचा खरा शत्रू दमटपणा. धातूत मुरलेल्या क्लोराइडला हवेतली आर्द्रता मिळाली की फिकट हिरवी भुकटी सुटू लागते आणि वस्तू आतून पोखरली जाते. म्हणून ब्राँझ कोरड्या हवेत ठेवतात. मुंबई समुद्रात आहे. नगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेतला, अवर्षणाची सवय असलेला. मुंबईच्या संग्रहालयाने दमट हवेशी यंत्रांनी लढून वस्तू उत्तम राखल्या आहेत, याबद्दल तिथल्या जतनतज्ज्ञांचे आभारच मानले पाहिजेत. पण समुद्रकाठी जे यंत्रांनी साधतं ते नगरच्या कोरड्या हवेत साधणार नाही, असं कुठलंही शास्त्र सांगत नाही. सीलबंद काचपेटी, आर्द्रता शोषणारी द्रव्यं, नोंद ठेवणारं यंत्र, विजेची दुहेरी सोय आणि ते रोज पाहणारा एक प्रशिक्षित माणूस, एवढ्यावर हे काम भागतं. आपल्या जिल्ह्यात विजेचा भरवसा नसतो हे खरं आहे. म्हणूनच दुहेरी सोय म्हटलं.

पाहायला येणार कोण, या प्रश्नावर फार वेळ घालवत नाही. ज्या जिल्ह्यात शिर्डी आणि शनिशिंगणापूर आहे तिथे माणसांची वाण नाही. नेवाशाला माणसं शतकानुशतकं एका दगडी खांबाच्या दर्शनाला येतात, कारण ज्ञानेश्वरांनी त्या पैस खांबाला टेकून १२९०मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे. तो खांब कोणी चांगल्या प्रकाशासाठी मुंबईला नेला असता तर? नेवाशाचं काय उरलं असतं, आणि मुंबईत त्या खांबाचं काय उरलं असतं? जागेशी वस्तूचं नातं काय असतं हे या मातीतल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

मुंबईच्या संग्रहालयाने फिरत्या बसमधून गावोगावच्या शाळांपर्यंत प्रदर्शनं नेली, हे मोठं काम आहे. त्यावर काही जण म्हणतात, झालं की मग, वस्तूंच्या प्रतिकृती न्याव्यात, दाखवाव्यात. प्रतिकृतींना माझा विरोध नाही. शाळेत हातात घेऊन पाहायला त्याच हव्यात. पण मूळ वस्तू पाहण्याचा अधिकार फक्त महानगरातल्या माणसाला आणि बाकीच्यांना तिची नक्कल, ही वाटणी मला अन्यायाची वाटते. श्रीरामपूरच्या शेतमजुराने मुंबई-दिल्लीला जाऊन तिकीट काढावं, राहण्याची सोय करावी आणि मग आपल्या रानात निघालेला हत्ती पाहावा, असं सांगणं सोपं आहे. सांगणाऱ्याने त्या मजुराची दिवसाची मजुरी एकदा विचारात घ्यावी.

वस्तू प्रवास करू शकत नाहीत, हाही मुद्दा निकालात निघाला आहे. २०१७मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वस्तू मुंबईत आल्या, 'भारत आणि जग' या प्रदर्शनासाठी, आणि पुढे दिल्लीला गेल्या. २०२३च्या अखेरीस ग्रीस, रोम, इजिप्त आणि ॲसिरियाची शिल्पं बर्लिन, लंडन आणि लॉस एंजेलिसच्या सहकार्याने मुंबईत मांडली गेली. ही प्रदर्शनं व्हायलाच हवी होती. मला तर ती फार महत्त्वाची वाटतात. भारतीय शिल्प परदेशी शिल्पाच्या बरोबरीने उभं करण्याचं काम मुंबईने केलं. जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि पहिल्यांदा मांडली गेली ती साताऱ्याच्या संग्रहालयात. नंतर ती नागपूरला गेली. विमा उतरला, काचपेटी आली, पोलीस आले, लोक रांगा लावून आले. लंडन साताऱ्यावर विश्वास ठेवू शकतं, तर मुंबई आणि दिल्ली नगरवर का ठेवू शकत नाहीत? अंतर तर कितीतरी कमी आहे.

अथेन्समध्ये पार्थेनॉनची शिल्पं ठेवायला योग्य जागाच नाही, असं लंडन वर्षानुवर्षं म्हणत राहिलं. २००९मध्ये ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी ग्रीसने संग्रहालय बांधलं. तेव्हा तो युक्तिवाद संपला, शिल्पं मात्र अजून लंडनलाच आहेत. आपल्याकडे मात्र हा प्रश्न परक्या सत्तेशी झगडण्याचा नाही. संग्रहालयं आपली, खाती आपली, कायदे आपले. कीळडीचं उदाहरण पाहा. तमिळनाडूतल्या त्या गावातल्या वस्तू म्हैसूरला न्यायचं ठरलं, तेव्हा माणसं उच्च न्यायालयात गेली. आज गावाजवळच संग्रहालय उभं आहे; ते मार्च २०२३मध्ये खुलं झालं. महाराष्ट्रातही असं घडलेलं आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझमूर्ती मिळाली. त्या उत्खननातूनच तिथलं टाऊन हॉलमधलं संग्रहालय जन्माला आलं आणि पोसायडन कोल्हापुरातच राहिला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्याने पांढरीतून वर येणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. मातीच्या बाहुल्या, मणी, पाँपेईच्या मूर्तीशी जिचं साम्य सांगितलं जातं ती हस्तिदंती स्त्री. आज त्या खेड्यात त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय आहे. तेरला जमलं ते नगरला जमणार नाही, असं म्हणण्याला काय आधार आहे?

माझ्या बाजूने बोलणाऱ्यांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. 'आमचा हत्ती परत द्या' अशी नुसती घोषणा देणाऱ्यांबरोबर मी नाही. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. त्या नव्या नावाखाली आणखी एक मिरवणूक निघावी एवढ्यासाठी ही शिल्पं नकोत. ज्या जिल्ह्यात पांढरीची माती ट्रॉल्या भरभरून शेतात पसरली जाते, ऊस लावायला टेकाडं सपाट होतात आणि खापरांचे थर बांधावर फेकले जातात, त्या जिल्ह्याने आधी आपलं घर आवरलं पाहिजे. दायमाबाद, जोर्वे आणि नेवासे या तिन्ही ठिकाणांची हद्द आखणं, फलक लावणं आणि नांगर थांबवणं, हे काम शिल्पं येण्याच्या आधीचं आहे. ग्रामपंचायती, जिल्हा परिषद आणि शेतमालक यांनी एकत्र बसल्याशिवाय ते होणार नाही. ज्यांच्या जमिनी अडतील त्यांना मोबदला मिळाला पाहिजे. नुसतं वारशाचं नाव घेऊन गरीब शेतकऱ्याचं पीक अडवणं मला मंजूर नाही.

पैशाचं म्हणाल तर या प्रवराकाठाला मोठी कामं नवी नाहीत. १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हाही लोक म्हणाले होते की शेतकऱ्यांना कारखाना चालवता येणार नाही. नगर शहरात १९६०पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय चालू आहे आणि ते नगरकरांनी टिकवलं आहे. जिल्हा नियोजन समितीचा निधी, राज्याचं पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालय, डेक्कन कॉलेज आणि मुंबईचं संग्रहालय एका करारावर आले तर श्रीरामपूर किंवा नेवाशाला प्रवरा खोऱ्याचं एक मध्यम आकाराचं दालन तीन-चार वर्षांत उभं राहू शकतं. इमारत आधी, जतनाची व्यवस्था आधी, आणि मगच मुंबई-दिल्लीहून शिल्पं, तीही ठरावीक मुदतीच्या बोलीवर. एकदा ती मुदत नीट पार पडली की पुढची बोलणी आपोआप सोपी होतील.

सुरुवात हत्तीपासून व्हावी, असं मला वाटतं. त्याची चाकं आणि कणे हरवलेले आहेत. ते अजून दायमाबादच्याच मातीत असतील का, हे कोणी सांगू शकत नाही. पेटीशेजारचा फलक मराठीत, मोठ्या अक्षरांत असावा आणि त्यावर पहिलं नाव छबू लक्ष्मण भिल्ल यांचं असावं, मग बोपर्डीकर, देशपांडे, राव आणि साळी यांचं. एका भिल्ल शेतकऱ्याच्या हातांनी या वस्तू उजेडात आल्या, हे श्रीरामपूर तालुक्यातल्या प्रत्येक आदिवासी आश्रमशाळेतल्या मुलाला त्याच फलकावर वाचता आलं पाहिजे, आणि खाली काळाबद्दलची दोन्ही मतंही.